सात पाण्यांची ताटली

अलेक्झांड्रिया, बाकोस
४ ऑक्टोबर

इजलाल,

तुझा कुत्रा जिवंत आहे. बहिणीच्या फोनवरून तू वरच्या मजल्यावरच्या फिरयालमावशीला, सगळ्या बिल्डिंगच्या तांतला, एवढंच विचारलंस, म्हणून एवढंच कळवतो. नवरा जिवंत आहे का, हे विचारायचं राहून गेलं असेल. रशीद गावात तुझ्या बहिणीच्या, नवालच्या घरी गडबड फार, ठाऊक आहे मला. तिचा नवरा, हाजी शलबी, एकटाच दहा माणसांइतकं बोलतो आणि अर्ध्या माणसाइतका विचार करतो.

जाताना दारात उभी राहून तू काय म्हणालीस ते माझ्या लक्षात आहे. "ज्या दिवशी कम्मूनला स्वतःच्या हातानं ओलं खाऊ घालशील, त्या दिवशी कळव रिफअत. मी येईन. तोवर लिहू नकोस." तर मी लिहितो आहे, आणि घातलेलं नाही. घालणारही नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात अट घालायला तुला ही एकच गोष्ट सापडली, याचं मला हसू येतं.

कोरडं खाणं हे सभ्य खाणं आहे. दाणे वाडग्यात खुळखुळतात, कुत्रा ते कडाकडा फोडतो, संपलं. वाडगं कोरडं, फरशी कोरडी, कुत्र्याचं तोंडसुद्धा बऱ्यापैकी कोरडं. आमच्या घरात पाचव्या वर्षी शिकवायचे: कुत्रा कोरडा, आपला कपडा कोरडा, तर तो घासून गेला तरी काही बिघडत नाही. ओलं तोंड भांड्याला लागलं की मात्र विटाळ. ते भांडं सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीनं. हे मी काढलेलं नाही. पाच वर्षांपूर्वी बाजारातून तू ते जिऱ्याच्या, म्हणजे कम्मूनच्या रंगाचं गावठी पिल्लू ओढणीत गुंडाळून आणलंस तेव्हाच मी सांगितलं होतं, राहू दे, पण बाल्कनीत आणि कोरड्यावर. तू मान डोलावली होतीस.

आणि मग ती डॉक्टर रनीम. काय वय तिचं? माझा चष्मा तिच्याहून मोठा असेल. म्हणे, "मूत्राशयात खडे होतायत, हाज. पोटात पाणी जायला हवं. दाणे बंद, डब्यातलं ओलं सुरू." मी मक्केला गेलेलो नाही, मला हाज म्हणू नका, एवढं तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "जाल की!" असल्या माणसांच्या हातात मुक्या जनावरांचे जीव.

आणि तू ते तपकिरी, थुलथुलीत, मासळीबाजाराच्या गटारासारख्या वासाचं प्रकरण कशात वाढलंस? माझ्या आईच्या निळ्या काठाच्या ताटलीत. मी ती धुतली. नियमाप्रमाणे धुतली. त्यावरून माणूस घर सोडून जातो?

कम्मून दाणे खातो आहे. व्यवस्थित.

रिफअत

१३ ऑक्टोबर

इजलाल,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. शलबीच्या घरात शाईचं पेन असेल असं मला वाटत नाही.

कुत्रा ठीक आहे. थोडा सुस्त. दाणे पूर्वीसारखे फोडत नाही, हुंगतो आणि माझ्याकडे बघतो. हे बघणं तूच शिकवलेलं आहेस त्याला. घरात एक बघणारं होतं, आता दुसरं. दोन दिवस त्यानं वाडग्याला तोंड लावलं नाही. नखरे, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी मी दाण्यांवर कोमट पाणी ओतलं आणि झाकून ठेवलं. अर्ध्या तासात ते फुगले, मऊ झाले. ईदला आपण रश्श्यात भाकरी भिजवून फत्ता करतो ना, तसाच फत्ता झाला, कुत्र्याचा. हे ओलं नव्हे. हे भिजवलेलं कोरडं आहे. फरक तुला कळणार नाही.

फिरयाल जिन्यात उभी होती. तिच्या नाकाला काही सुटत नाही. "काय रिफअत बे, मोठे साहेब, कुत्र्याला फत्ता? आणि आमची इजलाल होती तेव्हा तिला कोरडी भाकरी!" मी म्हटलं, तांत, तुमचं काम बघा. तर म्हणते, "कुत्र्याला कोरडं, बायकोला कोरडं. तुमच्या घरात ओला म्हणून एक नळच राहिला, आणि तोही दिवसाआड." खालच्या मजल्यापर्यंत लोक हसले. याच बाईला तू दर शुक्रवारी सुपातल्या मुलुखियाच्या भाजीची पानं निवडताना सगळं घर सांगत बसायचीस.

मशिदीतही जाऊन आलो. आपले जुने इमाम गेल्यावर शेख मुंझिर नावाचा एक तिशीचा माणूस पाठवलाय. दाढी विंचरलेली, फोन हातात. मी रीतसर विचारलं: भिजवलेला दाणा ओला धरायचा की कोरडा? तो हसला. म्हणाला, "काका, आपल्याकडे कडक मत आहे खरं. पण पश्चिमेकडे, ट्युनिस-मोरोक्कोत, इमाम मालिकांना मानणारे कुत्र्याला शुद्धच धरतात. तुम्ही ते मत घ्या. जीव आजारी आहे ना? मग सोपं ते घ्या." सोपं ते घ्या! भाजीवाला सांगतो तसं, टोमॅटो महाग असेल तर वांगी घ्या. मी त्याला विचारलं, ट्युनिसमध्ये लोक दुपारची नमाजही सोपी करून घेतात का? त्यावर तो म्हणाला, "काका, तुम्हाला उत्तर हवंय की भांडण?" शेखनं असं बोलायचं असतं? आमच्या वेळी शेख समोर आला की आम्ही चपला हातात घ्यायचो.

आमच्या वेळी म्हणजे अब्दुलमुगनी उस्तादांच्या वेळी. रास एत्-तीनच्या शाळेत, खिडकीतून समुद्राचा वारा येऊन फळ्यावरचा खडू उडायचा आणि आम्ही पन्नास पोरं एका सुरात जुने कसिदे म्हणायचो. कवी वाळवंटात थांबतो, तंबू हलवलेले, चुलीचे तीन दगड काळे पडलेले, आणि जिच्यासाठी तो आला ती निघून गेलेली. आम्हाला त्यातलं काहीही कळत नव्हतं. आम्हाला एवढंच कळायचं की मोठा झालो की कुठंतरी असं थांबायचं आणि रडायचं, पण वृत्तात. आजकालची पोरं फोनवर रडतात, वृत्ताशिवाय.

उस्ताद अलंकार शिकवायचे. म्हणायचे, एखाद्याचा कुत्रा भित्रा आहे असं कवी म्हणाला, तर ती निंदा समजू नका, गाढवांनो. ती त्या माणसाची स्तुती आहे. त्याच्याकडे पाहुणे इतके येतात की कुत्र्यानं भुंकणं सोडून दिलं. परीक्षेत हा प्रश्न हमखास असायचा. मला पूर्ण गुण मिळाले होते.

तुझा कम्मून गॅसच्या टाक्या वाजवत येणाऱ्यावर भुंकतो, वीजमापकवाल्यावर भुंकतो, फिरयालवर भुंकतो. काल पोस्टमनवर भुंकला, आणि पोस्टमन चुकून आला होता. आपल्याकडे वर्षाकाठी कितीजण येतात ते मी मोजलं नाही.

खाणं ठीक चाललंय त्याचं.

रिफअत

२२ ऑक्टोबर

इजलाल,

तुझी अट पूर्ण झाली आहे.

काल दुपारी मी डब्यातलं ओलं, तेच ते थुलथुलीत, स्वतःच्या हातानं कम्मूनला घातलं. त्यानं खाल्लं. चाटूनपुसून खाल्लं. मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही. फत्ता त्यानं ओकून टाकला आणि फरशी पुसायला मला गुडघे वाकवावे लागले, म्हणून केलं. तू जिंकलीस असं समजू नकोस. एखादा समंजस माणूस हट्टी माणसापुढे जेवढा वाकतो तेवढा मी वाकलो.

तू येत्या गुरुवारी यावंस. गुरुवारी गाड्यांना गर्दी कमी असते. शलबी सोडायला येतो म्हणाला तर त्याला नको म्हण; त्याला चहा पाजायला माझ्याकडे चहापत्ती पुरेशी नाही.

तुझं कपाट मी उघडलेलं नाही. स्वयंपाकघरात मात्र काय कुठं ठेवतेस त्याला काही शास्त्र नाही. जिरं मला मेथीच्या डब्यात सापडलं.

परवा बाजारात एक बाई कागदाच्या पुडीतून तुरमुसच्या भिजवलेल्या बिया खात चालली होती आणि सालं रस्त्यावर टाकत होती. साखरपुड्यानंतर आपण रमलाच्या ट्रामनं वरच्या मजल्यावर बसून जायचो तेव्हा तूही असंच करायचीस. मी तुला कसिदा म्हणून दाखवत होतो, समुद्राकडे बघत, हात पसरून, आणि तू मधेच म्हणालीस, "तिथं 'पाऊल' नाही, 'पाऊलखूण' आहे. वृत्त मोडलंस." तोंडात तुरमुस. सबंध डब्यासमोर. मी तेव्हाच ट्राममधून उतरायला हवं होतं. मी बाकोसपर्यंत बसून राहिलो, आणि मग सत्तेचाळीस वर्षं.

गुरुवारी.

रिफअत

२ नोव्हेंबर

इजलाल,

गुरुवार आला आणि गेला. मी दोन माणसांचं जेवण केलं होतं. म्हणजे पावटेवाल्याकडून शिजवलेले पावटे आणले होते, पण दोघांचे.

तू आली नाहीस, त्याऐवजी फिरयाल आली. दारातच उभी राहिली, कमरेवर हात. "इजलालचा निरोप आहे. कुत्रा पाठवा. शलबीनं गच्चीवर ठेवायला परवानगी दिलीय." मी म्हटलं, अट पूर्ण झाली आहे, मी लिहिलंय तिला. तर ती खो-खो हसली. "रिफअत बे! चमचा कुणाचा होता? हात कुणाचा होता? तुम्ही दारात उभे होतात, नाकाला रुमाल लावून, आणि मला म्हणत होतात, 'फरशीवर सांडू नका तांत.' मी तिला सगळं सांगितलंय. मी खोटं कशाला बोलू, माझं वय झालं." तिचं वय तीस वर्षांपूर्वीच झालं होतं, जीभ तेवढी राहिली.

बरं. हात तिचा होता. चमचा लांब दांड्याचा होता, तोही तिचा. मी डबा उघडला होता, आणि डबा उघडणं हेही हाताचंच काम आहे असं मी तेव्हा धरलं. शाळेत परीक्षेच्या वेळी शेजाऱ्याची वही बघून लिहिलेलं उत्तरसुद्धा आपल्याच अक्षरात असतं ना, तसं.

पण कुत्रा गच्चीवर? तुला शलबीची गच्ची माहीत आहे. तिथं कबुतरांची खुराडी आहेत आणि एक फुटकं सिंक. नोव्हेंबरात तिथं समुद्रावरून वारा येतो. हा मनुष्य म्हणजे दयाळूपणाचा पुतळा. घरात नाही, गच्चीवर. माझी बाल्कनी निदान काचेची आहे.

आता जे मी लिहिलं नव्हतं ते लिहितो, कारण तुला फिरयालकडून कळतंच आहे आणि ती वृत्तात सांगत नाही.

फत्त्यानंतर कम्मूननं दोन दिवस लघवी केली नाही. बाल्कनीच्या कोपऱ्यात कमरेतून वाकून उभा राहायचा, थेंब नाही, आणि मग आवाज काढायचा. भुंकणं नव्हे. मी तो आवाज त्याआधी ऐकला नव्हता. मी त्याला टॅक्सीत घातलं. तीन टॅक्सीवाल्यांनी कुत्रा बघून काच वर केली, चौथा ख्रिस्ती होता, त्यानं मागची सीट दिली. रनीमनं नळी घातली. तिनं मला एकदाही हाज म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "मी दाणे बंद करायला सांगितलं होतं तुम्हाला. भिजवलेले नव्हे. बंद." मी तिला भिजवलेल्या आणि ओल्याचा फरक सांगायला सुरुवात केली होती. मग राहू दिलं. ती दोन हातांनी त्याचं डोकं धरून होती आणि तिच्या मनगटावर त्याची लाळ ओघळत होती, आणि ती पुसत नव्हती.

त्यानंतर फिरयालचा चमचा.

आणि ताटलीचं. मी पहिल्या पत्रात लिहिलं, "नियमाप्रमाणे धुतली." तेवढंच लिहिलं. मी नळापाशी उभा होतो आणि मोजत होतो, मोठ्यानं, तुला ऐकू जावं म्हणून. सहा वेळा पाण्यानं, एकदा तुळशीसारख्या त्या तुझ्या रेहानच्या कुंडीतली माती घेऊन. तू टेबलापाशी बसून होतीस. सातव्याला तू म्हणालीस, "रिफअत, सत्तेचाळीस वर्षांत तू माझी एक ताटली एकदाही धुतली नाहीस. कुत्र्याची सात वेळा धुतोस." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तुझ्या ताटलीला विटाळ नव्हता." मला वाटलं, काय उत्तर दिलं! उस्तादांनी पाठ थोपटली असती. तू उठून आत गेलीस, आणि मी ती ताटली पुसून, उजेडात धरून, जागेवर ठेवली.

ताटली स्वच्छ आहे. त्यात कुणी जेवत नाही.

कुत्रा पाठवायचा विचार करतो.

रिफअत

१२ नोव्हेंबर

इजलाल,

कुत्रा पाठवतो. रशीदला जाणाऱ्या गाड्यांच्या अड्ड्यावर परवा चौकशी करून आलो. शलबीला लिहून दे, किंवा त्याला वाचून दाखव, कारण यातलं काही चुकलं तर पुन्हा नळी घालावी लागेल, आणि रशीदला रनीम नाही.

डबा सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा. उरलेला फ्रिजमध्ये, झाकून. पण गार कधीच घालायचा नाही, तो नाक वळवतो. डबा गरम पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवायचा. चुलीवर नाही. वाट वास सुटेपर्यंत बघायची. त्या वासाला मी गटार म्हणालो होतो, ते थोडं वाढवून म्हणालो होतो. त्यात दोन चमचे पाणी आणखी घालायचं आणि ढवळायचं. तो आधी पाणी पिऊन घेतो आणि मग विश्वास बसल्यासारखा खातो.

वाडग्यातून खात नाही. आजारी पडल्यापासून वाडगं दिसलं की मागे सरकतो. फिरयालचा चमचाही त्याला नको झाला. तीन दिवस तिनं प्रयत्न केला आणि मग "तुमचा कुत्रा तुमच्यासारखाच" म्हणून वर निघून गेली. तेव्हापासून बोटांवरून. उजव्या हाताची तीन बोटं, त्यावर लिंबाएवढा गोळा, हात खाली धरायचा, जमिनीपासून वीतभर. वर धरला तर उडी मारतो आणि मग दुखतं त्याला. शेवटी बोटांच्या मधलं चाटतो, ते चाटू द्यायचं, हात काढून घ्यायचा नाही. काढला तर तो पुढच्या वेळी येत नाही. सात वेळा धुण्याचा नियम भांड्याला आहे. हाताला किती, ते मी शेख मुंझिरला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सोपं काहीतरी सांगितलं असतं.

जेवताना त्याच्याशी बोलावं लागतं. काय बोलायचं ते मी सांगत नाही. मी कसिदा म्हणतो. 'पाऊलखूण' म्हणतो.

तुला हे वाचून वाटेल की मी मुद्दाम लिहितो आहे, अट पूर्ण झाली म्हणून दाखवायला. नाही. अट तू मोडलीस, कुत्रा मागितलास, आता तिचा काही संबंध उरला नाही. शलबीच्या हातात हे काम देऊ नकोस, एवढंच म्हणतो. त्याची बोटं विडीनं पिवळी झालेली आहेत आणि कम्मूनला तो वास आवडत नाही. कबुतरांचं खुराडं दुसऱ्या बाजूला हलवायला सांग. रात्री गच्चीवर नको. काचेची जागा नसेल तर जिन्यात.

एक अडचण आहे. अड्ड्यावरचा ड्रायव्हर म्हणाला, "हाज, कुत्रा मी एकटा नेणार नाही. सामानात नाही, आणि कुणा प्रवाशाजवळ तर नाहीच. लाळ लागली की लोक माझ्याशी भांडतील. कुणीतरी मांडीवर घेऊन बसायला हवं, सगळ्यात मागे, खिडकीशी." मी म्हटलं, दुसऱ्या गाडीनं. तर दुसरा ड्रायव्हर हेच म्हणाला, आणि वर म्हणाला, "मांडीवर तुम्हीच घ्या ना, तुमचाच आहे." मी त्याला सांगितलं, माझा नाही, बायकोचा आहे. तो म्हणाला, "मग तर घ्याच."

तर मागच्या बाकावरच्या दोन जागा मी धरल्या आहेत, शुक्रवारच्या नमाजनंतरची गाडी. करडी पँट घालतो, ती तशीही जुनी झाली. रशीदच्या अड्ड्यावर, नदीकडच्या बाजूला, उतरेन. तू आलीस तर बरं. शलबी आला तर त्याला सांग, बोलू नकोस, फक्त पट्टा धर.

मी आत येणार नाही. पट्टा हातात दिला की परत फिरेन. परतीच्या गाडीला तिथं ठरलेली वेळ नसते म्हणतात. चौदा माणसं भरली की ती सुटते. शुक्रवारी संध्याकाळी रशीदहून अलेक्झांड्रियाला चौदा माणसं कुठून येणार, हे मात्र ड्रायव्हरलाही सांगता आलं नाही.

रिफअत